भीतीला दिली ओसरी: लेकाच्या थेरपीचे आठ महिने

गणपतीनंतर सुरू केलं, आता एप्रिल संपत आला. मध्ये दोनदा लिहायला बसले होते, पण दोन्ही वेळा लेकाच्या भीतीने पुन्हा उचल खाल्ली, म्हणून राहिलं.

आम्ही रत्नागिरीजवळच्या मालगुंडचे. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. नवरा मुंबईला नोकरीला, महिन्यातून एकदा शुक्रवारच्या रात्री तुतारीने निघतो. गाडीचं नाव आमच्याच गावच्या केशवसुतांच्या कवितेवरून ठेवलंय, याचा लेकाला एरवी केवढा अभिमान! पण गेल्या जूनपासून याच गाडीने आमचं घर जागवलं. बाबा गाडीत बसले की हा झोपायचा नाही. पनवेल आलं की बाबांचा मेसेज. मग माणगाव, खेड, चिपळूण, संगमेश्वर. प्रत्येक मेसेज मी वाचून दाखवायचा. बोगद्यात रेंज गेली आणि मेसेज लांबला की याला ओकारी. पुढे शाळेच्या दिवशी सकाळी पोटदुखी सुरू झाली. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. शेवटी बालरोगतज्ज्ञांनीच चिठ्ठीवर एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं नाव लिहून दिलं. दवाखाना रत्नागिरीत.

आता 'रत्नागिरीला न्यायचं' म्हटलं की आमच्याकडे लोकांच्या डोळ्यांपुढे तिथलं मनोरुग्णालयच येतं. सासूबाई म्हणाल्या, "काय गो, पोराला येडा ठरवतेस?" त्यांनी आधी दृष्ट काढली, मग देवळात गाऱ्हाणं घातलं. मी अडवलं नाही. त्यांच्या मनाला तेवढाच आधार.

मॅडमच्या भिंतीवर भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीचं प्रमाणपत्र आहे. हे मी मुद्दाम पाहिलं आणि तुम्हीही पाहा, कारण पाटी लावणारे सगळेच नोंदणी केलेले नसतात. त्या औषधं देत नाहीत. गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवीन, असं पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. आम्हाला ती वेळ आली नाही. पन्नास मिनिटांचे हजार रुपये.

पहिल्या भेटीत त्या लेकाशी पत्ते खेळल्या. पुढच्या चार भेटींना मात्र मला एकटीलाच बोलावलं. मला राग आला. दुखतंय पोराचं पोट आणि औषध आईला? त्यांनी एक वही दिली. मुलगा काय करतो ते लिहायचं नाही, त्याच्या भीतीपायी मी काय काय करते ते लिहायचं. आठवड्यात एकतीस नोंदी झाल्या. मेसेज वाचून दाखवणं, शाळेच्या पायरीवर मधल्या सुट्टीपर्यंत बसून राहणं, बाजाराला न जाणं, "येशील ना न्यायला?" या एकाच प्रश्नाला पन्नासदा उत्तर देणं. मॅडम याला 'भीतीची सोय' म्हणतात. मी म्हटलं, म्हणजे भटाला दिली ओसरी आणि भट हातपाय पसरी! त्या जोरात हसल्या आणि तेव्हापासून आमच्यात 'ओसरी' हाच शब्द रूढ झाला.

या पद्धतीला 'स्पेस' म्हणतात. येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांनी बांधलेली. यात थेरपिस्ट काम करतात ते पालकांबरोबर. मला हे पटेना, म्हणून शोधून वाचलं. सात ते चौदा वयाच्या १२४ मुलांवरच्या अभ्यासात, फक्त पालकांना घेऊन केलेले उपचार थेट मुलाला दिलेल्या कॉग्निटिव्ह बिहेव्हिअरल थेरपीपेक्षा (विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या उपचारांपेक्षा) कमी पडले नव्हते. कारणही सरळ आहे. मेसेज आला की जीव भांड्यात पडतो आणि मुलाला वाटतं, मेसेजनेच वाचवलं. मग पुढच्या वेळी तो हवाच. मेसेजशिवायही भीती आपोआप उतरते, हे कळायची संधीच आपण त्याला देत नाही.

"काही होत नाही रे" हे वाक्य बंद. त्याऐवजी, "तुला खूप भीती वाटतेय, मला कळतंय. आणि तुला ती सोसता येईल, हेही मला माहीत आहे." पहिल्यांदा मी हे आकाशवाणीच्या बातम्यांसारखं म्हटलं. लेक रडायचा थांबून म्हणाला, "तू अशी का बोलतेस?"

मग एकेक स्टेशनचा मेसेज गाळायचा, असं ठरलं. याला त्याची परवानगी मागायची नव्हती, कारण बदलायचं होतं ते आमचं वागणं. पण आधी चिठ्ठी लिहून त्याला सांगायचं होतं. पहिलं माणगाव गाळलं. त्या रात्री दोन तास आरडाओरडा, माझा फोन भिंतीवर. मग अचानक सगळं शांत झालं. मला वाटलं, जमलं! सकाळी कळलं, सासूबाईंनी गुपचूप आपल्या फोनवरून माझ्या नवऱ्याला विचारून नातवाच्या कानात सांगितलं होतं, "माणगाव गेलं हो."

मॅडमनी पुढच्या भेटीला त्यांनाच बोलावलं. ओरडल्या नाहीत. तुम्ही कधी अशी वाट पाहिलीत का, एवढंच विचारलं. मामंजी मासेमारीला जायचे, चार-चार दिवस निरोप नसायचा. सासूबाईंनी हे घरी कधी सांगितलं नव्हतं. पुढच्या शुक्रवारी नातवाने विचारलं, "मग तू काय करायचीस?" "काय करणार? तांदूळ निवडायचे नि झोपायचं." त्या रात्री दोघं खरंच तांदूळ निवडत बसले होते. खेड गाळलं, चिपळूण गाळलं.

खटकलेल्या गोष्टीही सांगते. गृहपाठाचे कागद इंग्रजीत होते. दोनदा तक्रार केल्यावर मॅडमनी हाताने मराठीत लिहून दिले. व्हिडिओ कॉलवरच्या भेटी पावसात निम्म्या वाया गेल्या, वीज आणि रेंज दोन्ही जातात. सगळी आखणी घरात आई-बाप दोघं आहेत असं धरून केलेली. चाकरमान्याच्या बायकोला रात्री अडीचला एकटीनेच खंबीर राहायचं असतं. त्यांचा नियम असा की व्हॉट्सॲपवर उत्तर नाही. तेव्हा फार कोरडं वाटलं. त्या दिवसांत एकदा मीच टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन केला. फुकट आहे, चोवीस तास चालतं आणि मला मराठीत बोलणारं माणूस मिळालं. शाळेला समजवायला तर दोन महिने गेले, पोट दुखलं की लगेच "घेऊन जा" म्हणून फोन यायचा.

जानेवारीत गाडी चार तास लेट झाली आणि सगळं मागे गेलं. पुन्हा ओकाऱ्या, पुन्हा पायरी. मला वाटलं, पैसे बुडाले. मॅडमनी फक्त चिपळूण परत द्यायला सांगितलं, बाकीची नाही. तीन आठवड्यांत तेही सुटलं.

पोटदुखी अजून येते, परीक्षेच्या आठवड्यात दोनदा आली. पण तो शाळेत गेला. आता बाबांचा एकच मेसेज येतो, रत्नागिरीला उतरल्यावर. गेल्या शुक्रवारी लेक आजीच्या कुशीत घोरत होता. मी मात्र पहाटेपर्यंत फोन उशाशी घेऊन जागी. मॅडमना सांगितलं तर त्यांनी वही पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "तुमचं माणगाव कधी गाळायचं?"