तयार बंगला की एनए (बिनशेती) प्लॉट? "बाकी सगळं तेच" म्हणून विकलेल्या जमिनीची हकीकत

साइट ऑफिसात बसल्याबरोबर पहिला प्रश्न विकणारेच विचारतात, "मॅडम, तयार बंगला बघायचाय की प्लॉट?" आमची फसवणूक याच प्रश्नातून सुरू झाली. म्हणून मावळ, मुळशी, कर्जत, अलिबाग या पट्ट्यात वीकेंड होम शोधणाऱ्यांसाठी सविस्तर लिहिते आहे. कंपनीचं आणि प्रकल्पाचं नाव देत नाही, कारण तक्रार दाखल झाली आहे.

आम्ही दोन कुटुंबं मिळून जागा बघत होतो. माझे थोरले दीर निवृत्त झालेले, त्यांना आणि जाऊबाईंना लगेच राहायला जायचं होतं. आम्हाला घाई नव्हती. धरणाच्या पाण्याकडे तोंड करून डोंगरउतारावर वसवलेली वसाहत होती. मोठी कमान, गेटवर वॉचमन, आत तयार बंगल्यांची रांग आणि त्यातल्या काहींत राहणारी माणसं. क्लबहाऊसचं बांधकाम चालू होतं, स्विमिंग पूलसाठी खड्डा खणलेला होता. भाऊजींनी बंगला पसंत केला. आमच्या बजेटात बंगला बसत नव्हता. ते पाहून विक्री प्रतिनिधी म्हणाला, "सर, मी माझ्या सख्ख्या भावाला प्लॉटच घ्यायला लावला. घर जुनं होतं, जमीन जुनी होत नाही. आत्ता घेऊन ठेवा, सावकाश बांधा. बाकी सगळं तेच. गेट तेच, क्लब तोच, पाणी तेच."

"बाकी सगळं तेच" हे वाक्य धादांत खोटं होतं. गेट, रस्ता, परवानगी, गट नंबर, यातलं काहीच तेच नव्हतं. तयार बंगल्यांची रांग दाखवून त्यांनी आम्हाला वेगळीच जमीन विकली.

माहितीपत्रकावर महारेराचा, म्हणजे रेरा या गृहप्रकल्पांच्या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक होता. क्यूआर कोडही होता, कारण १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत तो छापणं बंधनकारक आहे. कोड स्कॅन केला की खरोखरच नोंदणी झालेला प्रकल्प उघडत होता. पण ती नोंदणी पहिल्या टप्प्याची, म्हणजे बंगल्यांची आणि त्यांच्या आजूबाजूच्या मोजक्या प्लॉटची होती. आमचा प्लॉट "फेज टू"मधला. रेरा कायद्यात टप्प्याटप्प्याने विकसित होणाऱ्या प्रकल्पाचा प्रत्येक टप्पा स्वतंत्र प्रकल्प धरला जातो आणि त्याची नोंदणीही स्वतंत्र लागते. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर नुसत्या प्लॉटिंगलाही नोंदणी हवी. ती नसेल तर विक्री सोडाच, जाहिरातसुद्धा करता येत नाही. आमच्या वकिलांनी महारेराचं ते पान पुढे ठेवून आम्हाला दोनच गोष्टी दाखवल्या. आमचा गट नंबर त्या यादीत नव्हता, आणि आमच्या प्लॉटचा क्रमांक नोंदणीतल्या शेवटच्या प्लॉटच्याही पुढचा होता. एवढ्या दोन गोष्टी ताडून बघायला पाच मिनिटं लागतात. कृपा करून ती पाच मिनिटं द्या. नोंदणी क्रमांक खरा आहे का, एवढंच बघून भागत नाही. तो क्रमांक तुम्ही घेत असलेल्या जमिनीचाच आहे का, ते बघा.

पैसे घेण्याची पद्धत तर आणखी हिकमती. रेराच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. त्यांनी बुकिंगचा चेक कंपनीच्या नावाने बरोबर १० टक्क्यांच्या आतला घेतला. पुढचे चेक "विकास खर्च" आणि "क्लब सभासदत्व" म्हणून दुसऱ्याच एका फर्मच्या नावाने घेतले. त्या फर्मचं नाव इतकं सारखं की पावतीवर नजर टाकून फरक कळू नये. ही फर्म रेराच्या नोंदीत कुठेच नाही. आज आमची तक्रार अडते ती इथेच. कंपनी म्हणते, आम्हाला फक्त बुकिंगची रक्कम मिळाली. फर्म म्हणते, आमचा जमिनीशी संबंध नाही, तुम्ही क्लबचे सभासद आहात.

बदल्यात हातात काय दिलं, तर स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला समजुतीचा करार. "एनए प्रोसेसमध्ये आहे, ऑर्डर आली की खरेदीखत." नोटरीच्या शिक्क्याने जमिनीवर हक्क निर्माण होत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला दस्तच लागतो. आणि इथे तो होणंच शक्य नव्हतं, कारण सातबाऱ्यावर ती जमीन जिरायत शेती होती. आम्ही शेतकरी खातेदार नाही, त्यामुळे कुळकायद्याच्या कलम ६३ खाली परवानगीशिवाय आम्हाला शेतजमीन घेता येत नाही. शिवाय प्लॉट पाच गुंठ्यांचा. तुकडेबंदी कायद्याखाली २०२३ मध्ये जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे आणि बागायतीचं १० गुंठे ठरवलं गेलं, त्याहून लहान तुकडा शेतजमीन म्हणून विकता येत नाही. म्हणजे बिनशेती आदेश आला नाही तर आमचा "प्लॉट" कायद्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हता. सातबाऱ्यावर मालक म्हणून एका कुटुंबातले सगळे वारस होते आणि कंपनीकडे त्यांच्यापैकी काहींचंच कुलमुखत्यारपत्र होतं. राहिलेल्यांत एक बहीण होती. तिने सही दिलेली नव्हती आणि द्यायचीही नव्हती.

हे सगळं बाहेर आलं ते बँकेमुळे. राहिलेल्या रकमेसाठी आमच्या यांनी कर्जाचा विषय काढला, तेव्हा प्रतिनिधी लगेच म्हणाला, "सर, बँकेच्या नादी लागू नका, महिने जातील. एकरकमी देत असाल तर सूट मिळवून देतो." यांनी तरीही फाइल बँकेत दिली. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांनी ती परत पाठवली. बिनशेती आदेश नाही, अंतिम मंजूर ले-आउट नाही, प्लॉटचा स्वतंत्र सातबारा नाही. माझं ठाम मत आहे की अशा प्रकल्पात पैसे हाताशी असले तरी कर्जाचा अर्ज करावाच. बँक स्वतःचे पैसे अडकू नयेत म्हणून जी कागदपत्रं तपासते, त्यांचा फायदा आपल्याला आपोआप मिळतो. विकणाराच कर्ज नको म्हणत असेल तर त्याला कोणीतरी कागद बघायला नको आहेत.

त्यानंतर आम्ही विक्री प्रतिनिधीला न कळवता साइटवर गेलो. बंगल्यांच्या रांगेपलीकडे फक्कीच्या रेषा मारलेल्या होत्या आणि कोपऱ्यांवर लाल रंग दिलेल्या खुंट्या. आमच्या प्लॉटच्या दोन खुंट्या सपाटीवर होत्या, तिसरी उतारावर. चौथी शोधायला खाली उतरलो तर ती ओढ्याच्या काठावर, करवंदीच्या जाळीत सापडली. म्हणजे पाच गुंठ्यांतली जवळजवळ अर्धी जागा उताराची आणि ओढ्याची. १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला सहसा परवानगी मिळत नाही आणि ओढ्याच्या काठापासून अंतर सोडावंच लागतं. ही आखणी खाजगी मोजणीवाल्याने केली होती. भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी झालेलीच नव्हती, त्यामुळे त्या खुंट्या कुठेही ठोकल्या असत्या तरी कोणी विचारणार नव्हतं.

तिथे एक शेतकरी गुरं घेऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "ताई, तुमी बी प्लॉट घेतला का?" आणि कमानीपासून आत येणाऱ्या डांबरी रस्त्याकडे बोट केलं. "त्यो रस्ता माज्या वावरातनं गेलाय. कंपनीनं भाड्यानं घेतला व्हता. मुदत संपत आली, पुढचं कुनी बोलत न्हाय."

हे खरं निघालं. मंजूर नकाशात वसाहतीचा रस्ता दुसऱ्या बाजूने, एका अरुंद पाणंदीवरून दाखवला होता. जो रुंद रस्ता पाहून सगळे भारावून जात होते, तो नकाशात नव्हताच. म्हणून जाताना मंजूर नकाशाची प्रत सोबत न्या आणि मुख्य रस्त्यापासून प्लॉटपर्यंत नकाशातल्याच वाटेने चालत जा. नकाशातली वाट आणि पायाखालची वाट वेगळी निघाली तर तिथूनच परत फिरा.

आता भाऊजींच्या बंगल्याचं. तेही पूर्ण सुटले नाहीत. ज्या जागेवर क्लबहाऊस आणि पूल होणार होता तो गटही शेतीचाच निघाला आणि काम बंद पडलं. रस्त्याचा प्रश्न त्यांनाही भोवणार आहे. पण त्यांच्याकडे नोंदवलेलं खरेदीखत आहे, राहायला परवानगी देणारं भोगवटा प्रमाणपत्र आहे, स्वतःच्या नावाचं वीज मीटर आहे. घेण्याआधी जाऊबाईंनी दुपारच्या वेळी नळ सोडून बघितला होता, शेजारच्या बंगल्यातल्या बाईंना उन्हाळ्यात टँकर लागतो का ते विचारलं होतं. छपरातून गळती निघाली तेव्हा त्यांनी रेराच्या कलम १४ खाली लेखी कळवलं. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला असा दोष कळवला तर ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणं विकासकावर बंधनकारक आहे. तो करूनही दिला. तयार घराची ही मोठी जमेची बाजू आहे. त्याचे दोष दिसतात, राहणाऱ्याला विचारता येतात आणि दुरुस्त करून घेता येतात. मोकळ्या जमिनीवर तुम्ही ज्याचे पैसे मोजता ते बहुतेक सगळं अदृश्य असतं. बांधण्याची परवानगी, रस्त्याचा हक्क, पाण्याची जोडणी, हद्द. त्यातलं एक जरी नसलं तरी जमीन दिसायला तितकीच सुंदर दिसते.

प्लॉट स्वस्त पडतो, हेही गणित नीट तपासा. आमच्या समजुतीच्या करारात मागच्या पानांवर बारीक अक्षरांत अटी होत्या. बांधकाम कंपनीने नेमलेल्या ठेकेदाराकडूनच करायचं, दर बांधताना ते ठरवतील. ठरलेल्या मुदतीत बांधलं नाही तर दरमहा दंड, म्हणजे "सावकाश बांधा" हेही खोटं. मोकळ्या प्लॉटवरही देखभाल शुल्क पहिल्या दिवसापासून, बंगल्याइतकंच. विकायचा तर हस्तांतर शुल्क आणि कंपनीची लेखी संमती. शिवाय डोंगरउतारावर पायाआधी दगडी संरक्षक भिंत लागते, साहित्य वर चढवण्याचा खर्च वेगळा. माझ्या भाच्याने, तो स्थापत्य अभियंता आहे, हे सगळं मांडून बघितलं तेव्हा तयार बंगल्याच्या आणि आमच्या प्लॉटच्या खर्चातला फरक जवळजवळ संपला.

याचा अर्थ तयार बंगला डोळे झाकून घ्यावा असं मी म्हणत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवून "घर नावावर आहे" म्हणणारे पुष्कळ आहेत. तो कर आकारणीचा उतारा असतो, मालकीचा पुरावा नव्हे. भोगवटा प्रमाणपत्र मागा आणि मंजूर नकाशा घेऊन खोल्या मोजा, कारण एखादी गच्ची बंद करून केलेली खोली परवानगीत नसते. महाबळेश्वर-पाचगणी आणि माथेरान इथे तर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचे निर्बंध २००१ आणि २००३ पासून लागू आहेत, तिथे हा मुद्दा जास्तच महत्त्वाचा. पण तरीही माझ्या मते, ज्यांना त्या गावात जाऊन तलाठी कार्यालय, भूमी अभिलेख, दुय्यम निबंधक इथे स्वतः फिरणं शक्य नाही, त्यांनी मोकळा प्लॉट घेऊ नये. घ्यायचाच तर ज्याचा कमी-जास्त पत्रक (जमिनीची विभागणी नोंदवणारा भूमी अभिलेखाचा कागद) होऊन स्वतंत्र सातबारा निघालाय, बिनशेती आदेशाची प्रत हातात आहे आणि ज्याची सरकारी मोजणी तुमच्यासमोर झाली, तेवढाच घ्यावा. "प्रोसेसमध्ये आहे" याला काहीही किंमत देऊ नये.

आमच्यासारखे फेज टूमध्ये अडकलेले बरेच जण आता एकत्र आलो आहोत. महारेराकडे विनानोंदणी विक्रीची तक्रार केली आहे आणि दुसऱ्या फर्मने घेतलेल्या रकमेसाठी ग्राहक आयोगात वेगळी. विकसित प्लॉट विकणं ही ग्राहक कायद्याखाली "सेवा" आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच स्पष्ट केलं आहे, त्यामुळे "आम्ही फक्त जमीन विकली" हा बचाव तिथे चालू नये, असं आमचे वकील म्हणतात. पावत्या, चेकच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचे निरोप, माहितीपत्रक, साइटवरच्या फलकाचे फोटो, सगळं जपून ठेवलं म्हणून एवढं तरी करता आलं. आमच्या भेटीनंतर तो फलक काढून टाकला गेला.

ग्राहक आयोगात तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जावं लागतं. आमच्यातल्या दोघांना कंपनीने "पुढच्या महिन्यात एनए येतोय" असे निरोप पाठवत त्या मुदतीच्या अगदी काठावर आणून ठेवलं होतं. तुम्हालाही असे निरोप येत असतील तर पहिल्या पावतीची तारीख आजच काढून बघा आणि या आठवड्यात वकिलाला भेटा.