इंग्रजीचा खेळसंच, आठ महिन्यांनी: फासा पास, पेन नापास

देवगडला आमच्या पडवीत मी छोटीशी बालवाडी घेते. तीन ते पाच वर्षांची नऊ पोरं. गेल्या जूनमध्ये खेळातून इंग्रजी शिकवायचा एक संच ऑनलाइन मागवला, १४०० रुपयांना. चित्रांची साठ कार्डं, कापडी फासा, हातात घालून नाचवायचं माकड आणि कार्डाला टेकवलं की बोलणारं पेन.

कार्डांना आमचा पाऊस सोसला नाही. जुलैतच लॅमिनेशनच्या कडा सुटल्या, आत बुरशी धरली. आता डब्यात तांदळाची पुरचुंडी टाकून ठेवते, पण गेली ती गेलीच. तसंही 'स्नोमॅन' इथे कुणाला समजवायचा? 'फिश'च्या कार्डावर नारिंगी, हसरा मासा. पोरांनी एकमुखाने निकाल दिला, "ह्यो बांगडो नाय!" शेवटी चुलीपुढे नेऊन टोपलीतला खरा बांगडा दाखवला, तेव्हा 'फिश' पटला. त्या दिवसापासून शंख-शिंपले, करवंट्या, जांभ्याचे खडे हेच सामान. "गिव्ह मी टू शेल्स" म्हटलं की झुंबड उडते.

पेनाबद्दल फार लिहीत नाही. अमेरिकन उच्चार, 'वॉटर'चं 'वाडर' करतं. पोरं घरी जाऊन वाडर मागायला लागली. त्यात चार्जिंग आणि आमच्याकडची लाइट यांचं जमलं नाही.

पैसे वसूल झाले ते फाशाने. सहा बाजूंवर सहा क्रिया: जंप, क्लॅप, रन, सिट, टर्न, स्लीप. पडेल ते करायचं, बोलायची सक्ती नाही. हुकूम ऐकून अंगाने करायचा, या पद्धतीला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स आशर यांनी 'टोटल फिजिकल रिस्पॉन्स' असं नाव दिलं. आधी कान आणि अंग, तोंड मागाहून. आम्ही त्यात 'वॉक लाइक अ क्रॅब' घातलं. मी सरळ चालून दाखवलं, तर चार वर्षांच्या एकाने थांबवलं, "बाई, कुर्ली आडवी चालता!" बरोबरच होतं त्याचं.

एक मुलगी जूनपासून दिवाळीपर्यंत इंग्रजीचा एक शब्द बोलली नाही. फासा पडला की उडी मात्र सगळ्यांच्या आधी. आईला धास्ती, मलाही थोडी होतीच. दिवाळीनंतर एका सकाळी अंड्यांवरून उठलेल्या आमच्या कोंबडीला ती बोट दाखवून दटावत होती, "सिट! सिट डाउन!" कोंबडी बसली नाही, हा भाग वेगळा.

पालकांची एकच कुरकुर, वहीत एबीसीडी का नाही. त्यांना तासभर पडवीत बसवते. काहींना पटतं, काही दुसऱ्या दिवशी वही घेऊनच येतात.

संच पुन्हा घेईन का? पूर्ण नाही. फासा आणि माकड सुटं मिळालं तर घेईन. फाशाची शिवण परवा उसवली होती. एका पोराच्या आजोबांनी जाळ्याच्या दोऱ्याने शिवून दिली. आता टाकला की थोडा एका बाजूला कलतो, आणि 'स्लीप' जरा जास्तच पडतं.