एक्स्पायरीच्या तारखा रंगवणारी एक्सेल शीट, आठ महिने वापरल्यावर

आमचं मेडिकल स्टोअर आहे, तालुक्याच्या गावात, वडिलांच्या काळापासूनचं. दिवाळीच्या साफसफाईत मागच्या रॅकमध्ये एक अख्खा खोका निघाला, मल्टिव्हिटॅमिनच्या सिरपचा, दोन महिन्यांपूर्वीच एक्स्पायर झालेला. वेळेत दिसला असता तर स्टॉकिस्टकडे (म्हणजे घाऊक पुरवठादाराकडे) परत गेला असता, क्रेडिट नोट (पुढच्या बिलातून पैसे वळते करणारी चिठ्ठी) मिळाली असती, आता सगळं अंगावर. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पायरी रिपोर्ट असतो, नाही असं नाही, पण तो आठवण ठेवून काढावा लागतो आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत ते होत नाही हो. मला शीट उघडली की समोर रंग दिसायला हवा होता. म्हणून एक्सेलमध्ये कंडिशनल फॉरमॅटिंग, म्हणजे अट जुळली की सेल आपोआप रंगवणारी सोय, लावलं, तेव्हापासून रोज वापरतोय, साधारण साडेनऊशे ओळी आहेत.

सुरुवातीला तयार ऑप्शन घेतला, हायलाइट सेल्स रूल्समधला 'अ डेट ऑकरिंग'. त्यात काल, आज, उद्या, मागचे सात दिवस, हा आठवडा, पुढचा महिना असे दहा पर्याय आहेत आणि बस्स. मेडिकलवाल्याला त्याचा उपयोग नाही, कारण माल परत पाठवायचा तर निदान तीन महिने आधी कळायला पाहिजे, आणि 'पुढचे नव्वद दिवस' असं त्यात कुठेच नाही. मग न्यू रूलमध्ये जाऊन शेवटचा, फॉर्म्युलावाला पर्याय घेतला. दोनच अटी, तारीख टुडे (आजची तारीख देणारं फंक्शन) पेक्षा कमी नको आणि टुडे अधिक नव्वदच्या आत हवी, दोन्ही अँड फंक्शनमध्ये, म्हणजे दोन्ही खऱ्या असल्या तरच, झाला पिवळा. टुडेच्या आधीची असेल तर लाल. कॉलमच्या अक्षराआधी डॉलरचं चिन्ह टाकलं की नुसता तारखेचा सेल नाही तर औषधाच्या नावासकट अख्खी ओळ रंगते, हे फार कामाचं आहे, बॅच नंबर शोधताना नजर घसरत नाही.

पहिल्याच दिवशी एक गोंधळ झाला तो सांगतो, कारण बऱ्याच जणांचा होतो. मी सिलेक्शन पहिल्या ओळीपासून केलं, हेडिंगसकट, आणि फॉर्म्युल्यात मात्र दुसऱ्या ओळीचा सेल लिहिला. सगळे रंग एक ओळ वर सरकले, चांगल्या गोळ्या लाल आणि संपलेल्या पांढऱ्या. सिलेक्शन जिथून सुरू होतं त्याच ओळीचा नंबर फॉर्म्युल्यात पाहिजे. आणि रिकामे सेल पण लाल होतात, कारण रिकामं म्हणजे एक्सेलच्या हिशेबी शून्य, आणि शून्य आजच्या तारखेपेक्षा लहानच. एक्सेलला तारीख म्हणजे आकडा असतो, १ जानेवारी १९०० म्हणजे १ धरून मोजत आलं की १ जानेवारी २०२६ चा नंबर ४६०२३ येतो. त्यामुळे 'सेल रिकामा नसेल तर' ही अट पण जोडावी लागते.

डिसेंबरमध्ये वेगळंच. स्ट्रिपवर १२/२५ असं असतं, आपण तसंच टाइप करतो, एक्सेल ते १ डिसेंबर धरतं आणि २ तारखेला ओळ लाल. पण औषधावर महिना-वर्ष छापलं असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत ते चालतं, आपल्या ड्रग्ज रूल्समध्ये तसंच आहे. मग फॉर्म्युल्यात इओमंथ (EOMONTH) हे फंक्शन घातलं, कंसात तारखेचा सेल, स्वल्पविराम, शून्य, म्हणजे महिनाअखेर मिळते. त्यानंतर लाल रंग खरा वाटायला लागला.

आणि मग एप्रिलमधली गोष्ट, जिच्यासाठी मुख्यतः हे लिहायला बसलो. दुकानात बसणारे आमचे अण्णा एका लहान मुलीच्या आईला तापाचं सिरप देत होते, बाटली हातात घेतल्यावर सवयीप्रमाणे तळाशी बघितलं, मार्च २६. दिली नाही. शीट उघडली तर ती ओळ पांढरीशुभ्र. माझ्या पोटात गोळाच आला. बघतो तर कामावरच्या पोराने तारीख ३१.०३.२६ अशी टिंबं देऊन टाकलेली. एक्सेलने ती तारीख मानलीच नाही, नुसता मजकूर धरला, इओमंथला त्यातून एरर आला, आणि कंडिशनल फॉरमॅटिंग एरर दाखवत नाही, गप्प बसतं. साधा कमी-जास्तचा रूल असता तरी हेच झालं असतं, मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा धरला जातो ना. त्या रात्री सगळी शीट तपासली तर अशा तेवीस ओळी निघाल्या!!

ओळखायची सोपी खूण म्हणजे खरी तारीख सेलमध्ये उजवीकडे चिकटते आणि मजकूर डावीकडे, फक्त अलाइनमेंटला हात लावलेला नसला पाहिजे, मी सगळं सेंटर करून ठेवलं होतं म्हणून मला दिसलं नाही. आता तिसरा रूल लावलाय, सेलमध्ये इझटेक्स्ट (ISTEXT, सेलमध्ये मजकूर आहे का ते सांगणारं फंक्शन) खरं आलं की ओळ जांभळी. जुन्या ओळी टेक्स्ट टू कॉलम्समध्ये जाऊन डेट, डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष) निवडून एका झटक्यात सुधारल्या. शिवाय डेटा व्हॅलिडेशनमध्ये फक्त तारीख चालेल असं केलंय, पण ते टाइप करताना अडवतं, पेस्ट केलं तर अडवत नाही, म्हणून जांभळा रूल ठेवाच.

पुतणीच्या लॅपटॉपवर रीजनचं सेटिंग अमेरिकेचं होतं, म्हणजे तारखेत आधी महिना, मग दिवस, तिथे ०३/२७ टाकलं की मार्च २०२७ न होता ह्या वर्षीची २७ मार्च होते. त्यावर उपाय वर्ष चार आकडी लिहायचं, ०३/२०२७, मग दोन्हीकडे बरोबर येतं.

कॉपी-पेस्टचा त्रास मात्र अजून आहे. ओळी इकडून तिकडे चिकटवल्या की रूल पण सोबत जातात आणि त्यांचे तुकडे होतात. मॅनेज रूल्समध्ये 'धिस वर्कशीट' करून बघितलं तर माझ्या तीन रूल्सचे चाळीसच्या वर झालेले, निम्म्यांची रेंज दोन-दोन ओळींची. सगळे काढून परत तीनच लावले. आता पेस्ट व्हॅल्यूजच करतो, म्हणजे नुसती माहिती चिकटते, रूल नाही, पोरालाही तेच शिकवलंय, तरी महिन्यातून एकदा जाऊन बघतो.

दर सोमवारी फिल्टर बाय कलर करून पिवळ्या ओळी काढायच्या, रॅकवरून माल उतरवायचा, स्टॉकिस्टप्रमाणे वेगळा करायचा, अर्धा तास लागतो. दिवाळीनंतर आमचा खोकाच्या खोका वाया गेलेला नाही. एकच अडचण राहिली होती, दुकानातला प्रिंटर ब्लॅक अँड व्हाइट, अण्णांना कागद हातात लागतो आणि कागदावर पिवळा नि लाल दोन्ही राखाडी दिसतात. म्हणून शेजारी एक कॉलम वाढवलाय, त्यात त्याच अटींनी 'परत', 'संपलं' किंवा 'तारीख तपासा' असं लिहून येतं. अण्णा तेवढा कॉलम बघतात आणि बाटलीचा तळ तरीही बघतात.