हू-7.5 पेशी: एचसीव्हीवर काम करायचं तर घ्याव्यात का?

पुण्यातल्या एका विषाणूशास्त्राच्या लॅबमध्ये सेल कल्चरची खोली माझ्याकडे आहे. हेपॅटायटिस सीच्या विषाणूवर, म्हणजे एचसीव्हीवर, काम सुरू करणारी मुलं आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: मॅडम, कुठल्या पेशी मागवू? माझं उत्तर बहुतेक वेळा हू-7.5, म्हणजे यकृताच्या गाठीपासून आलेल्या आणि प्रयोगशाळेत वाढत राहणाऱ्या मानवी पेशी, असंच असतं. तरी ऑर्डर टाकण्याआधी मी त्यांना बसवून घेते आणि विचारते, या पेशींत कुठली मानवी प्रथिनं आहेत, कुठली नाहीत? ते माहीत नसेल तर या पेशी आकडे भरपूर देतील, पण ते आकडे खऱ्या यकृताबद्दल काही सांगतीलच असं नाही.

मूळची हू-7 ही सेल लाइन जपानची. 57 वर्षांच्या एका रुग्णाच्या यकृतातल्या गाठीपासून ती 1982 मध्ये तयार झाली. एचसीव्ही तेव्हा सापडलाही नव्हता, आणि 1989 मध्ये सापडल्यावरसुद्धा दहा वर्षं तो प्रयोगशाळेत धड वाढेना. 1999 मध्ये जर्मनीत फोल्कर लोमान आणि राल्फ बार्टेनश्लागर यांच्या गटाने विषाणूच्या आरएनएचा एक कापलेला तुकडा, ज्याला रेप्लिकॉन म्हणतात, हू-7 मध्ये स्वतःच्या प्रती काढत राहतो हे दाखवलं. पुढे चार्ल्स राइस यांच्या लॅबने अशाच रेप्लिकॉनवाल्या पेशींना इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूविरोधी यंत्रणा जागी करणारं प्रथिन, देऊन आतला आरएनए पुसून टाकला. रिकाम्या झालेल्या त्या पेशींत नवा आरएनए सोडला, तर तो मूळ हू-7 पेक्षा कितीतरी सहज रुजला. त्याच हू-7.5, शोधनिबंध 2002 चा. राइस यांना 2020 चं नोबेल मिळालं त्यामागे एचसीव्हीवरचं त्यांचं सगळं काम आहे, पण आमच्यासारख्या लॅबच्या रोजच्या वापरात त्यातलं जे आलं ते या पेशी.

त्या इतक्या सोशिक का, याचं एक उत्तर 2005 मध्ये मिळालं. पेशीत परका आरएनए शिरला की तो ओळखून इंटरफेरॉनची यंत्रणा जागी करणारं एक प्रथिन असतं, रिग-आय. हू-7.5 मध्ये त्याच्या 55 व्या जागी थ्रिओनिन या अमिनो ॲसिडऐवजी आयसोल्युसिन आहे. एवढ्या एका बदलाने रिग-आय मुकं होतं. त्यामुळे विषाणूला रान मोकळं मिळतं असं वर्गात शिकवतात, आणि ते चूक नाही, पण अपुरं आहे. हू-7-लुनेट नावाची दुसरी लाइन आहे, तिच्यात रिग-आय शाबूत असूनही रेप्लिकॉन छान वाढतो. शिवाय एचसीव्हीचं एनएस3/4ए हे प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं कापणारं एन्झाइम, रिग-आयच्या पुढचा दुवा, एमएव्हीएस, स्वतःच कापून टाकतं. म्हणून मुलाखतीत कोणी विचारलं की हू-7.5 चं गुपित काय, तर नुसतं रिग-आय म्हणून थांबू नका.

आता या पेशींत काय चांगलं आहे ते. एचसीव्हीचा जीनोम सुमारे 9,600 न्यूक्लिओटाइडचा, त्यातून प्रथिनं निघतात दहा. एवढ्या भांडवलावर विषाणूचा संसार चालत नाही. बाकी सगळं तो यजमान पेशीकडून उचलतो. आत शिरायला सीडी81, एसआर-बी1, क्लॉडिन-1 आणि ऑक्लुडिन ही पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं लागतात, आणि ही चारही हू-7.5 मध्ये आहेत. हेपजी2 याही यकृताच्याच पेशी, पण त्यांत सीडी81 नाही आणि मीर-122 ही नाही. मीर-122 प्रथिन नव्हे, छोटा आरएनए आहे. तो अर्गोनॉट-2 या मानवी प्रथिनाला घेऊन विषाणूच्या आरएनएच्या 5′ टोकाला बसतो आणि तिथून कुरतडणाऱ्या एन्झाइमपासून त्याला वाचवतो. या दोन्ही गोष्टी बाहेरून घातल्या की हेपजी2 मध्येही संसर्ग होतो. हू-7.5 मध्ये हे सगळं तयार मिळतं, आणि पैसे मोजायचे ते याचेच.

नवीन मुलांना मी एक स्लाइड हमखास दाखवते. पीआय4केए हे पेशीतल्या पडद्यांवर पीआय4पी नावाचा मेद तयार करणारं मानवी एन्झाइम. विषाणूचं एनएस5ए हे प्रथिन त्याला पकडतं, चेतवतं आणि त्या मेदाच्या जोरावर प्रती काढण्यासाठी पडद्यांचं जाळं उभारून घेतं. हे एन्झाइम एसआयआरएनएने (जनुकाचा निरोप नष्ट करणाऱ्या छोट्या आरएनएने) दाबलं की आरएनएच्या प्रती निघणं बंद पडतं, मग एनएस5ए ही दिसेनासं होतं आणि बघायला काही उरत नाही. म्हणून विषाणूची प्रथिनं वेगळ्या प्लास्मिडवरून, म्हणजे पेशीत सोडलेल्या डीएनएच्या कड्यावरून, करवून घ्यायची, म्हणजे प्रत निघो न निघो, प्रथिन दिसतं. साध्या पेशीत एनएस5ए चे बारीक हिरवे ठिपके सायटोप्लाझ्मभर पसरलेले असतात, केंद्रकाजवळ जरा दाट. पीआय4केए दाबलेल्या पेशीत तेच ठिपके एकत्र येऊन थोडेच, पण मोठे, बेढब गठ्ठे झालेले दिसतात. एका मानवी प्रथिनावाचून विषाणूचं घर कसं कोसळतं, हे मुलांना त्या दोन चित्रांतून जेवढं कळतं तेवढं माझ्या बोलण्यातून कधीच कळत नाही. या कामाला हू-7.5 ला तोड नाही: पेशी चपट्या, सायटोप्लाझ्म ऐसपैस, मायक्रोस्कोपखाली सगळं मोकळं दिसतं.

मात्र या पेशींवरून थेट औषधाची स्वप्नं बघू नका. पीआय4केए काढून टाकलेले उंदीर जगत नाहीत, त्यामुळे त्याला अडवणारं औषध माणसाला देणं अवघड. सायक्लोफिलिन ए हे दुसरं यजमान प्रथिन. त्याला रोखणारं अलिस्पोरिव्हिर मोठ्या चाचण्यांपर्यंत पोचलं होतं. 2012 मध्ये स्वादुपिंडदाहाच्या तक्रारींमुळे चाचणी थांबवावी लागली, आणि पुढच्याच वर्षी सोफोस्बुव्हिर आलं. तेही यजमान प्रथिनांवाचून चालत नाही बरं का! गोळीतला रेणू निष्क्रिय असतो. यकृतातली कॅथेप्सिन ए, सीईएस1, हिंट1 यांसारखी मानवी एन्झाइमं त्याला टप्प्याटप्प्याने कामाचं रूप देतात. औषध तपासायला यकृताच्याच पेशी का हव्यात, हे विचारणाऱ्यांना मी हेच उदाहरण देते.

उणिवा दोन, आणि दोन्ही मोठ्या.

पहिली: रुग्णाच्या रक्तातला विषाणू या पेशींत सरळ वाढत नाही. आपण सगळे वापरतो तो विषाणूचा वाण, जेएफएच-1, हा जपानमधल्या तीव्र हेपॅटायटिसच्या एका रुग्णाचा, जीनोटाइप (जनुकीय प्रकार) 2ए चा, आणि स्वभावानेच वेगळा. राइस यांच्याच गटाने 2015 मध्ये सुमारे 7,000 मानवी जनुकं हू-7.5 मध्ये घालून पाहिली आणि एक सापडलं: सेक14एल2. गाठीच्या पेशींत हे प्रथिन नसतं. ते असलं की व्हिटॅमिन ई च्या साहाय्याने पेशीतल्या मेदाचं ऑक्सिडेशन रोखलं जातं आणि रुग्णांचे विषाणूही प्रती काढू लागतात. जेएफएच-1 ला त्या ऑक्सिडेशनचा त्रासच होत नाही, म्हणून सेक14एल2 नसल्याचं इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. भारतात जीनोटाइप 3 चे रुग्ण सर्वाधिक. तुमचा प्रकल्प इथल्या रुग्णांच्या सीरमवर असेल तर साध्या हू-7.5 वर वेळ घालवू नका, सेक14एल2 घातलेल्या पेशीच मिळवा.

दुसरी: रुग्णाच्या रक्तात विषाणू लिपोप्रोटीनला, म्हणजे रक्तात मेद वाहून नेणाऱ्या कणांना, चिकटून त्यांची एपीओई आणि एपीओबी ही प्रथिनं घेऊन फिरतो. हू-7.5 ला व्हीएलडीएल, म्हणजे यकृत सोडतं ते हलकं लिपोप्रोटीन, धड बनवता येत नाही, म्हणून इथे तयार होणारे कण जड असतात. यावर एक चांगला उपाय आहे. वासराच्या सीरमऐवजी 2% मानवी सीरम घाला. पेशी वाढायच्या थांबतात, यकृतासारख्या वागू लागतात, व्हीएलडीएल सोडतात, आणि जेएफएच-1 चं उत्पादन हजारपटीपर्यंत वाढल्याचं 2013 मध्ये प्रसिद्ध झालं आहे. फक्त त्या सीरमची एचसीव्ही अँटीबॉडी आधी तपासून घ्या.

हाताळायला पेशी गुणी आहेत. डीएमईएम हे पोषक द्रावण, 10% एफबीएस (वासराचं सीरम), नॉन-इसेन्शियल अमिनो ॲसिड, एवढ्यावर खूश. फ्लास्क पूर्ण भरू द्यायचा नाही, नाहीतर ट्रिप्सिननंतर (पेशी फ्लास्कपासून सोडवणाऱ्या एन्झाइमनंतर) गठ्ठे सुटत नाहीत.

मागवताना मात्र डोकेदुखी. एमटीएच्या, म्हणजे पेशी देण्याघेण्याच्या कराराच्या, सह्यांना वेळ लागतो. त्यात आमचं एक पार्सल विमानतळावर अडकून ड्राय आइस संपलेल्या अवस्थेत आलं. वायलमध्ये पाणी झालं होतं, आणि कुरिअरवाल्यांनी हात वर केले. पार्सल शक्यतो सोमवारी निघेल असं लेखी घ्या, कागदपत्रं आधीच कस्टमकडे पोचवा. या कटकटीला कंटाळून पुष्कळ जण शेजारच्या लॅबमधून फ्लास्क मागून आणतात. तसं करू नका. कितवा पॅसेज, म्हणजे पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये वाटल्या, ते कोणी सांगत नाही, सीडी81 चं प्रमाण क्लोनगणिक बदलतं, आणि एकदा संसर्ग होऊन वाचलेल्या पेशींत ते कमी असलेल्याच उरलेल्या असू शकतात. मग प्रथिन दाबल्याने संसर्ग घटला की पेशीच तशा होत्या, हे कसं सांगणार? एसटीआर तपासणीने, म्हणजे डीएनएच्या ठशावरून, हू-7 आणि हू-7.5 वेगळ्या ओळखता येत नाहीत, दोन्हींचा साचा एकच. त्यासाठी रिग-आयच्या जनुकाचा 55 व्या कोडॉनभोवतीचा तुकडा पीसीआरने वाढवून वाचून घ्या, आणि सीडी81 फ्लो सायटोमेट्रीवर बघा. मायकोप्लाझ्मा या पेशींत लपणाऱ्या जिवाणूची चाचणी तर हवीच.

माझ्याकडून पाचपैकी चार. इंटरफेरॉन किंवा रिग-आय हाच तुमचा विषय असेल तर या पेशी घेऊच नका. मानवी यकृतातल्या प्रायमरी पेशी, म्हणजे थेट यकृतातून काढलेल्या, महाग असल्या आणि फार दिवस टिकत नसल्या तरी त्यांनाच पैसे घाला. रेप्लिकेशन आणि त्याला लागणारी मानवी प्रथिनं यांवर काम असेल तर हू-7.5 मागवा, सोबत सेक14एल2 ची आवृत्तीही मागवा, आणि पेशी वाढल्या की लगेच पहिल्या पॅसेजच्या भरपूर वायल लिक्विड नायट्रोजनमध्ये टाकता येतील एवढी जागा आधी करून ठेवा.