ऊर्जा मोजावी की नमुना जुळवावा? द्राक्षबागेतल्या रिसीव्हरसाठी

पान-ओलेपणाचे सेन्सर लावून द्राक्षावरच्या केवडा रोगाचा अंदाज घ्यायचा म्हटलं, की 865 ते 868 मेगाहर्ट्झचा विनापरवाना पट्टा आणि लोरा (कमी विजेवर लांब पोचणारं रेडिओ तंत्र) मॉड्यूल इथपर्यंत बहुतेक जण येतातच. अडतं ते पुढे. सिग्नल आलाय हे रिसीव्हरनं ओळखायचं कशावरून? एक तर चॅनेलमधली ऊर्जा मोजायची आणि आरएसएसआय, म्हणजे मिळणाऱ्या सिग्नलची ताकद, ठरलेल्या पातळीवर गेला की जागं व्हायचं. नाहीतर प्रिअँबलचा, म्हणजे पॅकेटच्या सुरुवातीच्या ठरलेल्या भागाचा, नमुना जुळवायचा. हेच चिपमधलं कॅड (चॅनेल अ‍ॅक्टिव्हिटी डिटेक्शन). नाशिकजवळ दिंडोरीकडच्या बागेत मी दोन्ही वापरून पाहिले.

ऊर्जा मोजणं सोपं आणि झटपट. समोरच्याचं मॉड्युलेशन (माहिती लहरींवर चढवायची पद्धत) माहीत नसलं तरी चालतं. पट्ट्यात कोणकोण बोलतंय एवढंच बघायचं असेल, तर मी आजही तेच वापरीन.

पण त्याची पातळी ठरवायला आधी नॉइज, म्हणजे चॅनेलमधला नको असलेला गोंगाट, किती हे माहीत पाहिजे. 125 किलोहर्ट्झ रुंदीला औष्णिक नॉइज उणे 123 डीबीएम, त्यात रिसीव्हरचा स्वतःचा नॉइज 6 डीबी धरला की उणे 117. हे झालं कागदावर. माझा रिसीव्हर विहिरीवर, मोटरच्या पॅनलशेजारी. मोटर बंद असताना लावलेली पातळी मोटर चालू झाली की निकामी व्हायची आणि रिसीव्हर उगाच जागा होत राहायचा. पातळी वाढवली की बागेच्या टोकाचा सेन्सर गप्प. त्यात शेतीची थ्री-फेज लाइट कधी दिवसा, कधी रात्री. म्हणजे वेळ बघून पातळी बदलायची सोयही नाही. पातळी आपोआप सरकवणारा कोड लिहिता येतो, पण नॉइजच्या अंदाजात 1 डीबीची जरी अनिश्चितता राहिली, तर साधारण उणे 3.3 डीबी एसएनआरच्या (नॉइजच्या तुलनेत सिग्नल किती, त्याच्या) खालचा सिग्नल कितीही वेळ सरासरी काढली तरी खात्रीनं ओळखता येत नाही. आणि एसएफ 10 वर (एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर, सिग्नल किती ताणून पाठवायचा ते) लोरा उणे 15 डीबीपर्यंत वाचता येतो! जे पॅकेट चिप वाचू शकते, तेच तिला दिसू द्यायचं नाही, हे मला काही पटेना.

कॅडलाही उंबरठे असतात, एसएक्स 1262 या लोरा चिपमध्ये ते आपणच भरायचे. पण ते नमुना किती उठून दिसतो यावर चालतात, एकूण नॉइज किती यावर नाही. मोटर चालू असो वा बंद, माझ्याकडे त्यांना पुन्हा हात लावावा लागला नाही. वेळ थोडा जास्त जातो. एसएफ 10 ला एक सिम्बॉलच (सिग्नलचा एक तुकडा) 8 मिलिसेकंदांचा. बॅटरीवरच्या रिसीव्हरसाठी याचा हिशोब करावा.

इथे कॅलिब्रेशन लागतं ते फ्रिक्वेन्सीचं. फ्रिक्वेन्सी ठरवणारा 20 पीपीएमचा (दहा लाखांत 20 भाग चुकू शकणारा) स्फटिक 866 मेगाहर्ट्झवर 17 किलोहर्ट्झ सरकू शकतो. दोन्ही टोकांना तसेच असले आणि उलट दिशांना सरकले, तर फरक 35 किलोहर्ट्झच्या आसपास जातो. लोराला साधारण पाव बँडविड्थ (चॅनेलची रुंदी), म्हणजे 31 किलोहर्ट्झपर्यंतचाच फरक चालतो. निफाडची जानेवारीतली पहाट आणि एप्रिलमधली दुपार यांत स्फटिक हलणारच. म्हणून रिसीव्हरला तरी टीसीएक्सओवालं, म्हणजे तापमान बदललं तरी फ्रिक्वेन्सी सांभाळणाऱ्या स्फटिकाचं, मॉड्यूल घ्यावं. एसएक्स 1262 असेल तर इमेज कॅलिब्रेशन (पट्ट्यानुसार चिपची अंतर्गत जुळणी) 863 ते 870 मेगाहर्ट्झसाठी करून घ्या. चिप मुळात 902 ते 928 धरून चालू होते.

तुमचा रिसीव्हर घराच्या गच्चीवर, मोटरपासून लांब असेल, तर ऊर्जा मोजूनही भागेल कदाचित. विहिरीवर असेल तर मी कॅडच सुचवीन.