द रूट्सचा ‘अनडन’: आठ महिने ऐकल्यानंतर

मी ढोलकी वाजवतो, लग्नसराईत एका ऑर्केस्ट्रात ड्रमसेटवर बसतो. हिप-हॉप मला कधी भावलं नाही, कारण बऱ्याचदा ठेका मशीनचा असतो आणि तो दोन मिनिटांत कानाला टोचायला लागतो. आठ महिन्यांपूर्वी आमच्या कीबोर्डवाल्याने हा अल्बम लावून दिला आणि म्हणाला, "शब्द नंतर बघ, आधी ड्रम ऐक." तेव्हापासून आठवड्यातून तीन-चार वेळा तरी तो पूर्ण ऐकून होतो. जेमतेम चाळीस मिनिटांचा आहे.

द रूट्स हा अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा बँड. ड्रमवाला क्वेस्टलव्ह आणि रॅप करणारा ब्लॅक थॉट हे शाळेपासूनचे दोस्त. २००९ पासून ते जिमी फॅलनच्या रात्रीच्या टीव्ही कार्यक्रमात वाजवतायत, आणि ते काम सांभाळून डिसेंबर २०११ मध्ये त्यांनी इतका काळोखा अल्बम काढला. गोष्ट रेडफर्ड स्टीफन्स या काल्पनिक तरुणाची. जन्म १९७४, मृत्यू १९९९. पंचवीस वर्षांचं आयुष्य, आणि ते सांगितलंय उलट्या बाजूने. सुरुवातीलाच दवाखान्यातल्या हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या मॉनिटरचा तो न तुटणारा एकसुरी आवाज येतो, म्हणजे पोरगा गेलेला आहे. मग एकेका गाण्यातून मागे मागे जात आपण त्याच्या कोवळ्या वयाकडे पोचतो.

हे कळल्यावर मी गाण्यांची यादी उलटी लावून महिनाभर ऐकली. तशी लावली की गोष्ट सरळ लागते: घरची ओढाताण, सोप्या पैशाचा रस्ता, थोडा रुबाब, मग शेवट. ऐकायला बरी वाटते, पण मन आधीच निकाल देऊन बसतं. वाईट मार्गाला लागला, मेला, असं. बँडने लावलेल्या क्रमात ती सोयच नाही. पोरगा गेलाय हे आधी कळतं, त्याने काय केलं ते नंतर. ‘कूल ऑन’मध्ये तो मित्रांसोबत मिरवतोय, ठेका मस्त झुलतोय, आणि माझ्या पोटात मात्र खड्डा पडतो. मेलेल्या माणसावर रागावता येत नाही, त्याचं फक्त ऐकून घ्यावं लागतं. म्हणून मी पुन्हा मूळ क्रमावर आलो आणि आता तोच ऐकतो.

रेडफर्ड कुणी मोठा गुंड नाही. कामधंद्याची वाट सापडली नाही असा साधा मुलगा आहे, आणि गरिबीची दुनिया भाषण न करता त्याच्यातूनच दिसते. ‘लाइटहाउस’ची चाल इतकी गोड आहे की पहिले दोन आठवडे मी गुणगुणत होतो. शब्द नीट ऐकले तेव्हा कळलं की माणूस बुडतोय आणि दीपस्तंभात कुणीच नाही. त्यानंतर गुणगुणणं बंद झालं.

आता ड्रम. क्वेस्टलव्हच्या हाताचा संयम शिकण्यासारखा आहे. ‘मेक माय’मध्ये शब्द संपल्यावर बँड बराच वेळ नुसता वाजत राहतो. तिथे मी असतो तर चार भरीव तुकडे टाकून मोकळा झालो असतो. तो ठेका सोडत नाही, आणि त्या धरून ठेवण्यातच माणसाचा जीव हळूहळू सुटतोय असं वाटतं. मी तो भाग घरी उशीवर काठ्या घेऊन किती वेळा वाजवून पाहिला असेल! लय सोपी आहे. न भरता थांबणं अवघड आहे.

शेवटचे चार तुकडे शब्दांशिवाय आहेत. सुफ्यान स्टीव्हन्स या अमेरिकी गायक-संगीतकाराच्या २००३ मधल्या ‘रेडफर्ड’ या पियानोच्या चालीवरून ते निघतात; नायकाचं नावही तिथलंच. तिसऱ्या तुकड्यात पियानो आणि ड्रम एकमेकांवर अक्षरशः तुटून पडतात. सम शोधायला गेलात तर सापडणार नाही. सुरुवातीला मी हा तुकडा पुढे ढकलायचो, आता त्याचीच वाट बघतो. आयुष्यभर ज्याला नीट बोलता आलं नाही त्याचा सगळा कल्लोळ तिथे आहे.

तक्रारी आहेत. शाहिराच्या मागे झीलकरी असतात तसा इथे डाइस रॉ हा रॅपर बऱ्याच गाण्यांत झील धरतो, आणि तीन-चार गाण्यांनंतर ती एकाच साच्यातली वाटते. रेडफर्डच्या घरातल्या बायकांना स्वतःचा आवाजच नाही. त्याच्या आईचं एक गाणं असतं तर गोष्ट कुठल्या कुठे गेली असती. काही गाणी रंगायच्या आत संपतात. इंग्रजी बोली दाट आहे, त्यामुळे मला शब्द समोर ठेवून बसावं लागलं, आणि काही ओळी पाचव्या-सहाव्या खेपेला उलगडल्या.

ऐकणार असाल तर शफल बंद ठेवा, मध्ये गाणं बदलू नका. आणि मोबाइलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा. बेस आणि किकचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) आवाज मोबाइलवर मरतो, आणि या अल्बमचा अर्धा काळोख त्या खालच्या आवाजातच आहे.