प्रार्थनासभेसाठी भाड्याच्या सतरंज्या आणि पेटी
बुधवारी आमच्याकडे प्रार्थनासभा होती. सोफा गॅलरीत ढकलला, तरी पंचवीस माणसं बसवायची कुठे? कोपऱ्यावरच्या मंडपवाल्याकडून चार सतरंज्या, सहा खुर्च्या आणि पेटी, म्हणजे हार्मोनियम, आणली. सतरंज्या धुतलेल्या, उन्हाचा वास येणाऱ्या. शेजारच्या काकू पहिल्यांदाच आल्या होत्या, त्याही ऐसपैस मांडी घालून बसल्या. खुर्च्या ठीक.

पेटीने मात्र घात केला. भजन सुरू झालं आणि दाबलेली काळी दोनची पट्टी वर येईचना. चर्चचे पाळकसाहेब डोळे मिटून प्रार्थनेत, आणि पेटी आपली सूर धरून बसलेली! शेवटी टाळांवर भागवलं. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची गीतं तशीही टाळांवरच जास्त खुलतात. मालकाने कुरकुर न करता पेटीचं भाडं सोडलं. सतरंज्या पुन्हा तिथूनच घेईन. पेटी दुकानातच वाजवून बघा.